उपकाराची मैत्री आणि कराराची मैत्री

(कोळवण, ता. मुळशी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुळशी तालुक्यातील एका खोऱ्यात परराष्ट्रधोरणावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. रस्ता, रेशन, जमिनीचे व्यवहार हे प्रश्न दारात उभे असताना दिल्ली आणि ढाका यांच्यातील करारांची चर्चा ही फावल्या वेळची चैन वाटण्याचा संभव आहे. परंतु शेजारी राष्ट्रांचे संबंध ज्या प्रश्नांवर जुळतात आणि तुटतात, ते प्रश्न या तालुक्याला परके नाहीत. पाणी कोणाचे, जमिनीची हद्द कोणती, आणि निर्णय घेण्यापूर्वी ज्याचे नुकसान व्हायचे त्याला विचारले जाते की नाही, हेच ते प्रश्न आहेत.

१९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणाखाली पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. पूर्वेकडे वाहणारे मुळेचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिमेला भिरा येथे खाली सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज करायची, अशी ती योजना. मुंबईला वीज हवी होती हे खोटे नव्हते. सेनापती बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मूळ आक्षेप असा होता, की निर्णय आधी झाला आणि विचारणा नंतर. भरपाईचा आकडा ठरला, पण संमतीचा प्रश्न कोणी काढलाच नाही. हा आक्षेप ज्याला कळला, त्याला फराक्का समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही. कोळवण खोऱ्यातील वाळकी मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला. हे पाणी अखेर ज्या बंगालच्या उपसागराला पोचते, त्याच उपसागराला गंगेचे पाणी बांगलादेशातून पद्मा या नावाने जाऊन मिळते.

आजच्या विवेचनाचा विषय आहे १९७१ मध्ये स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाचे परराष्ट्रधोरण आणि शेजाऱ्यांशी सहकार्याचे त्याने केलेले प्रयत्न. नवस्वतंत्र राष्ट्र आपल्या मोठ्या शेजाऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

प्रथम १९७१ ची आठवण. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसला. मुंबईच्या गिरणीतून मावळातल्या गावी घरी धाडलेल्या पत्रावरही 'शरणार्थी सहायता' असे शब्द असलेले ते लहानसे तिकीट लावावे लागे. जयप्रकाश नारायण यांनी त्या उन्हाळ्यात जगातील अनेक राजधान्यांचा दौरा करून बंगालच्या जनतेची बाजू मांडली आणि सप्टेंबरात दिल्लीस आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. भारतीय जनतेने आणि भारतीय जवानांनी केलेला हा त्याग खरा होता. तो कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि याच त्यागातून भारतीय मनात एक अपेक्षा रुजली. ज्याला आम्ही सोडविले, त्याने आमच्याकडे पाहूनच पावले टाकावीत, ही ती अपेक्षा. ती उघडपणे क्वचितच बोलली गेली. पण पुढील प्रत्येक मतभेदाच्या वेळी 'कृतघ्न' हा शब्द वृत्तपत्रांत ज्या सहजतेने आला, त्यावरून ती किती खोल गेली होती हे कळते.

ढाक्याची बाजू पाहू. १० जानेवारी १९७२ ला शेख मुजीबुर रहमान पाकिस्तानच्या कैदेतून सुटून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या हाती साडेसात कोटींचा देश आला. पूल उडविलेले, बंदरे बंद, कोठारे रिकामी, आणि तिन्ही बाजूंना चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची भारताची सरहद्द. अशा देशाच्या परराष्ट्रधोरणाचे पहिले काम आपण स्वतंत्र आहोत हे जगाला पटवून देणे हेच असते. मुजीब यांनी कलकत्त्याच्या भेटीत सैन्य परत घेण्याचा प्रश्न काढला आणि १२ मार्च १९७२ ला भारतीय सैन्याने ढाक्यात निरोपाचे संचलन केले. विजयी सैन्य तीन महिन्यांत परत जाते, ही घटना जगात विरळा. त्याबद्दल दोन्ही देशांच्या नेतृत्वाला श्रेय दिले पाहिजे. त्यानंतर आठवड्याने, १९ मार्चला, पंचवीस वर्षांचा मैत्री, सहकार्य व शांतता करार झाला. त्याच वर्षी संयुक्त नदी आयोग स्थापन झाला.

परंतु नवस्वतंत्र राष्ट्राला एकाच दाराच्या घरात राहता येत नाही. सर्वांशी मैत्री, कोणाशीही वैर नाही, हे सूत्र मुजीब यांनी स्वीकारले ते केवळ सद्भावनेपोटी नव्हे, तर गरजेपोटी. १९७२ च्या ऑगस्टात चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रसंघातील प्रवेश रोखला. १९७३ मध्ये बांगलादेश अल्जीअर्सच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत सहभागी झाला. १९७४ च्या फेब्रुवारीत लाहोरला इस्लामी राष्ट्रांची परिषद भरली; तेव्हा पाकिस्तानने मान्यता दिली आणि मुजीब स्वतः लाहोरला गेले. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाचे १३६ वे सदस्यत्व मिळाले आणि मुजीब आमसभेत बंगालीत बोलले. लाहोरच्या भेटीने भारतात अनेकांच्या भुवया उंचावल्या. पण ज्या देशाचे हजारो नागरिक अद्याप पाकिस्तानात अडकलेले होते आणि ज्याला तेलसंपन्न अरब राष्ट्रांकडून मदतीची आशा होती, त्याने दुसरे काय करावे, याचे उत्तर त्या टीकाकारांपाशी नव्हते.

एकाच दारावर अवलंबून राहण्याची किंमत किती असते, हे त्याच वर्षी दिसले. बांगलादेशाने क्यूबाला ज्यूटची सुमारे चाळीस लाख पोती विकली. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे धान्याची मदत देता येत नव्हती. १९७४ च्या पुरानंतर देशात दुष्काळ पसरत असताना अमेरिकेने हा नियम पुढे केला. निर्यात थांबविण्याचे मान्य केल्यावर धान्याचा मार्ग खुला झाला. पण तोपर्यंत हजारो माणसे उपासमारीने दगावली होती. भुकेल्या राष्ट्राचे सार्वभौमत्व धान्याच्या बोटीला बांधलेले असते, ही गोष्ट पी. एल. ४८० चा मायलो ज्यांनी खाल्ला त्या महाराष्ट्रातील पिढीला सांगण्याची गरज नाही.

आता फराक्का. कलकत्ता बंदराच्या हुगळी नदीत गाळ साचत होता. तो धुऊन काढण्यासाठी गंगेचे चाळीस हजार क्यूसेक पाणी हुगळीकडे वळवावे, म्हणून सरहद्दीपासून सुमारे १८ किलोमीटरांवर हा बंधारा आणि तेथून ३८ किलोमीटरांचा कालवा बांधण्यात आला. पावसाळ्यात प्रश्न नसतो. तेव्हा पाणी दोघांनाही नकोसे होते. प्रश्न असतो तो जानेवारी ते मे या टंचाईच्या काळाचा. एप्रिलच्या अखेरच्या दहा दिवसांत फराक्क्याला साधारणतः ५५ हजार क्यूसेक पाणी उपलब्ध होते, असे हिशेब धरला गेला. त्यातून चाळीस हजार वळविले तर पद्मेसाठी पंधरा हजार उरतात. मग कुष्टियाच्या सिंचन योजनेला पाणी पुरत नाही, गोराई नदीचे मुख कोरडे पडते, आणि गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की समुद्राचे खारे पाणी खुलना भागात आत शिरते.

२१ एप्रिल १९७५ ला बंधारा सुरू झाला तो ४१ दिवसांच्या तात्पुरत्या समजुतीवर. त्या मुदतीत भारताने ११ ते १६ हजार क्यूसेक पाणी वळवायचे होते. ३१ मेला मुदत संपली. १५ ऑगस्टला मुजीब यांची सहकुटुंब हत्या झाली. १९७६ च्या टंचाईच्या काळात भारताने कोणताही करार नसताना पाणी वळविणे चालूच ठेवले. त्या मे महिन्यात नव्वदी ओलांडलेले मौलाना भासानी राजशाहीहून हजारो माणसांसह फराक्क्याच्या दिशेने निघाले. कोणी त्यांना भारतद्वेष्टे म्हणो. पण पाण्यासाठी पायी निघालेला तो वृद्ध किसान नेता मुळशीच्या माणसाला अगदीच अनोळखी वाटू नये.

बांगलादेशाने हा प्रश्न १९७६ मध्येच संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत नेला. दिल्लीची भूमिका अशी, की दोन देशांचा प्रश्न दोघांनीच सोडवावा. तिसऱ्याला मध्ये आणू नये. त्या वेळी परराष्ट्रमंत्रिपदी महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण होते. बड्या राष्ट्रांनी उपखंडाच्या भांडणात हात घालू नये ही चिंता रास्तच होती. शीतयुद्धाच्या काळात ती अधिकच रास्त होती. परंतु दुबळ्याच्या बाजूने पाहिले असता द्विपक्षीय वाटाघाटीचा अर्थ निराळा दिसतो. एका बाजूला बंधाऱ्याचे दरवाजे ज्याच्या हाती आहेत तो, आणि दुसऱ्या बाजूला ते उघडण्याची वाट पाहणारा. अशा बैठकीत कितीही सौजन्य असले, तरी तिला समानांची बैठक म्हणणे कठीण असते.

येथे कृष्णेचे उदाहरण उद्बोधक ठरेल. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांचा तंटा बच्छावत लवादापुढे गेला. लवादाने आकडे ठरवून दिले; महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. निवाड्याविषयी तिन्ही राज्यांत नाराजी असेल, पण निवाडा करणारे कोणी होते. दोन सार्वभौम राष्ट्रांच्या मध्ये असा लवाद आपोआप उभा राहत नाही. तेथे लेखी करार हाच लवाद आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय हीच अंमलबजावणी. म्हणूनच वरच्या राष्ट्राची जबाबदारी अधिक असते.

५ नोव्हेंबर १९७७ ला ढाक्यात झालेल्या कराराने ही जबाबदारी मान्य केली. मोरारजी देसाईंच्या ज्या मंत्रिमंडळाने हा करार केला, त्यात मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस होते. अत्यंत टंचाईच्या दहा दिवसांत बांगलादेशाला ३४,५०० आणि भारताला २०,५०० क्यूसेक, आणि प्रवाह कितीही घटला तरी बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या निदान ८० टक्के पाणी, अशी हमी त्यात होती. कलकत्त्यात या करारावर सडकून टीका झाली. बंदराचे हित विकले, असे म्हटले गेले. परंतु ढाक्यात सत्ता लष्कराची आहे म्हणून तेथल्या शेतकऱ्याचे पाणी अडवून धरता येत नाही, हे तत्त्व त्या कराराने पाळले. पुढे १९८२ च्या समझोत्यात ही हमी गळली. १९८८ नंतर आठ वर्षे कोणताच करार नव्हता. १२ डिसेंबर १९९६ ला ३० वर्षांचा करार झाला आणि त्यात प्रवाह ७० हजार क्यूसेक किंवा त्याहून कमी असता निम्मे-निम्मे वाटप ठरले. त्यासाठी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी पुढाकार घेतला, हे विशेष. तिस्तेच्या बाबतीत २०११ मध्ये मसुदा तयार असूनही त्याच राज्याच्या विरोधामुळे सही झाली नाही. एकाच राज्याने एकदा पूल बांधला आणि एकदा वाट अडविली.

पाण्यानंतर जमीन. १६ मे १९७४ ला इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी सरहद्दीचा करार केला. कूचबिहारच्या भागात एका देशाची गावे दुसऱ्या देशाच्या पोटात अडकलेली होती. त्यांना छिटमहल म्हणत. भारताची १११ बांगलादेशात आणि बांगलादेशाची ५१ भारतात. त्यांतील माणसाला आपल्याच देशाच्या शाळेत, दवाखान्यात वा कचेरीत जायचे तर परका देश ओलांडावा लागे. कायद्याने तो धड इकडचा नव्हता, धड तिकडचा नव्हता. बांगलादेशाच्या संसदेने त्या करारावर त्याच वर्षी शिक्कामोर्तब केले. भारताच्या संसदेने ते केले २०१५ च्या मे महिन्यात, शंभराव्या घटनादुरुस्तीने. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसांना नागरिकत्वाचा निश्चित हक्क मिळाला. मधल्या ४१ वर्षांत न्यायालयीन वाद होते, घटनात्मक अडचणी होत्या, राज्यांच्या हरकती होत्या. पण अखेरीस दोन्ही सभागृहांत हे विधेयक एकमताने संमत झाले, याचा अर्थ इच्छा असती तर ते पूर्वीही करता आले असते. या ४१ वर्षांत ढाक्याच्या प्रत्येक सरकारपाशी भारताविरुद्ध दाखविण्यासारखा एक लेखी पुरावा होता.

या पार्श्वभूमीवर प्रादेशिक सहकार्याची कल्पना ढाक्यातून यावी, यात आश्चर्य नाही. १९८० च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष झिया उर रहमान यांनी शेजारी राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्रे लिहिली. दिल्लीला शंका आली की लहान राष्ट्रे एकजूट करून भारताला घेरतील. इस्लामाबादला शंका आली की भारत या निमित्ताने सर्वांवर वर्चस्व गाजवील. झिया १९८१ मध्ये मारले गेले; कल्पना मात्र टिकली. ७ व ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सात राष्ट्रांची पहिली शिखर परिषद भरली आणि सार्कची स्थापना झाली. सनदेत दोन अटी घातल्या गेल्या. सर्व निर्णय एकमताने घ्यायचे, आणि द्विपक्षीय वा वादग्रस्त प्रश्न चर्चेला घ्यायचे नाहीत.

पहिल्या अटीने लहानांना संरक्षण दिले, दुसरीने मोठ्यांना. परंतु ज्या प्रश्नांवर शेजारी भांडतात तेच वगळून उरलेल्यांवर सहकार्य करायचे म्हटल्यावर हवामान, टपाल आणि क्रीडा यांच्या समित्या होतात. नदी तेथे येत नाही. गंगेचे खोरे तर मुख्यतः तीन देशांचे, नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचे. नेपाळमध्ये जलाशय बांधून उन्हाळ्यात प्रवाह वाढवावा, असा बांगलादेशाचा प्रस्ताव १९७८ पासूनचा. ब्रह्मपुत्रेचे पाणी कालव्याने गंगेत आणावे, हा भारताचा. दोन्ही कागदावरच राहिले, कारण तिघांना एकत्र बसविण्यास दिल्ली सहसा राजी नव्हती आणि आपल्या भूमीतून कालवा नेऊ देण्यास ढाका तयार नव्हता. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची पुढची शिखर परिषद ठरली ती २०१६ ची इस्लामाबादची, आणि ती रद्द झाली.

हे सारे दोष दिल्लीचेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ढाक्याच्या अनेक राज्यकर्त्यांनी आपल्या गैरकारभारावर पांघरूण घालण्यासाठी भारतविरोधाचा वापर केला. अल्पसंख्याकांवर हल्ले झाले तेव्हा सरकारे कमी पडली. लष्करशहांनी तर घटनेतील धर्मनिरपेक्षतेचे तत्त्वच काढून टाकले. यावर समाजवाद्यांनी स्पष्ट बोलले पाहिजे. पण स्पष्ट बोलण्याचा अधिकार त्यालाच, जो आपल्या देशातील अल्पसंख्याकांविषयीही तितकेच स्पष्ट बोलतो, आणि जो गरीब बंगालीभाषक मजुराला त्याची भाषा ऐकून परका ठरवीत नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे गडचिरोली जिल्ह्यात शेती करून राहतात; तीही महाराष्ट्रच आहेत.

दुसरी चूक अलीकडची. २००९ ते २०२४ या काळात दिल्लीने ढाक्याशी जोडलेले संबंध मुख्यतः एका सरकारशी, किंबहुना एका व्यक्तीशी जोडले. त्या काळात सरहद्दीचा प्रश्न सुटला, वीज आणि दळणवळण वाढले. ही जमेची बाजू आहे. पण तेथे निवडणुका पोकळ होत गेल्या तेव्हा दिल्ली गप्प राहिली. ५ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थ्यांच्या उठावापुढे शेख हसीना यांना देश सोडून भारतात यावे लागले, आणि तेथील तरुणांचा रोष त्या राजवटीबरोबर भारतावरही आला. राज्यकर्त्याशी केलेली मैत्री राज्यकर्त्याबरोबर जाते. जनतेशी असलेली मैत्री वेगळ्या मार्गाने करावी लागते. तो मार्ग पाण्याचा, व्यापाराचा, प्रवेशपत्राचा आणि विद्यापीठाचा आहे.

हे सर्व आज सांगण्याचे तातडीचे कारण म्हणजे १९९६ च्या गंगा कराराची मुदत. ती २०२६ च्या डिसेंबरापर्यंतची. १९६० चा सिंधू करार युद्धांतूनही टिकला होता. पहलगामच्या हत्याकांडानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने तो स्थगित ठेवला. त्या निर्णयाविषयी मते भिन्न असू शकतील. पण नदीकाठच्या प्रत्येक लहान शेजाऱ्याने ती बातमी आपल्या नदीच्या संदर्भात वाचली असणार, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी गंगा करार केवळ चालू ठेवून भागणार नाही. त्यात १९७७ ची हमी परत आली पाहिजे, नेपाळला बैठकीत स्थान मिळाले पाहिजे, आणि नदी स्वतः जिवंत राहण्यापुरते पाणी वाटपाच्या आधी बाजूला काढले पाहिजे.

डॉ. लोहिया यांनी भारत-पाक महासंघाची कल्पना मांडली तेव्हा तिला स्वप्नरंजन म्हणून हसणारे पुष्कळ होते. महासंघ आज दूर आहे. कदाचित तो कधी होणारही नाही. परंतु त्या कल्पनेच्या मुळाशी असलेला विचार व्यवहाराचा होता. एका भूगोलाची माणसे एकमेकांना टाळू शकत नाहीत, आणि त्यांच्यात जो मोठा असेल त्यानेच आधी समतेने वागायचे असते. देशांतर्गत समतेसाठी झटणाऱ्या पक्षाला सरहद्दीपलीकडे विषमता मान्य करता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी येथून एवढे जरी बरोबर नेले तरी पुरे आहे. गावात कोणी 'आपणच त्यांना स्वातंत्र्य दिले आणि आज ते उलटले' असे म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याला मुळशीच्या धरणावर न्यावे आणि विचारावे, की मुंबईला वीज मिळाली म्हणून पाण्याखाली गेलेल्या गावांनी कंपनीचे आभार मानावयाचे होते काय. फराक्क्याच्या खालच्या शेतकऱ्याचे उत्तर त्याला तेथेच मिळेल.